एकही लखपती नाही

जावास्क्रिप्ट शिकताना स्ट्रिंगचा धडा सगळ्यांत सोपा म्हणून उरकला जातो. अक्षरं मोठी करा, छोटी करा, जोडा, तोडा, झालं. याच धड्यातल्या एका ओळीपायी मी पहिल्या नोकरीत सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, आणि ती ओळ मी लिहिलेलीच नव्हती. म्हणून हे लिहितेय. नवशिक्यांच्या उपयोगी पडावं हा हेतू आहेच, पण मनातली मळमळही अजून गेलेली नाही.

काम एका पतसंस्थेचं होतं. एक्सेलमधून आलेली ठेवींची यादी पानावर दाखवायची आणि खाली एकूण बेरीज. पान माझं. रकमेतले स्वल्पविराम काढून तिची संख्या करणारं फंक्शन मात्र माझ्या वरिष्ठांनी, म्हणजे सरांनी, आधीच लिहून ठेवलेलं होतं आणि ‘तेच वापर, नवीन काही लिहीत बसू नकोस’ अशी सक्त ताकीद होती. बेरीज संस्थेच्या खतावणीशी जुळेना. थोडाथोडका फरक नाही, निम्मीसुद्धा भरेना. संस्थेच्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला तेव्हा सर स्पीकरवर म्हणाले, “नवीन मुलगी आहे, शिकतेय अजून.” मग माझ्याकडे वळून, “डेटा नीट बघितलास का गं?” मी म्हटलं, सर, फंक्शन एकदा तपासू का? तर म्हणे, “ते बाकीच्या प्रोजेक्टांत व्यवस्थित चालतंय.”

चालत होतं, हे खरंच. का चालत होतं, तेच तर गमतीचं आहे.

सगळे गेल्यावर मी यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने लावली. सर्वांत मोठी ठेव नव्व्याण्णव हजारांची. वरपासून खालपर्यंत बघितलं, अख्ख्या पतसंस्थेत एकही लखपती नाही! तळाशी गेले तर तिथे १२५ रुपयांची मुदत ठेव. तिच्या वर ३४० रुपयांची. तीनशे चाळीस रुपये मुदत ठेवीत कोण ठेवतं? मूळ एक्सेल उघडलं. १,२५,०००. ३,४०,०००. (छापताना आकडे मराठीत आले आहेत, यादीत ते इंग्रजीतच होते. मराठी अंक असते तर जावास्क्रिप्टने ते संख्या म्हणून वाचलेच नसते.)

सरांच्या फंक्शनमध्ये होता ‘रिप्लेस’. त्याला नुसता स्वल्पविराम दिला तर तो पहिलाच सापडलेला स्वल्पविराम काढतो आणि थांबतो. १२,५०० मध्ये एकच आहे, काम फत्ते. १,२५,००० मध्ये दोन. पहिला गेला, उरलं ‘१२५,०००’. पुढे सरांनी लावला होता ‘पार्सफ्लोट’. तो डावीकडून समजेल तेवढं वाचतो, न समजणारं चिन्ह आलं की तोंड मिटून थांबतो. चूक झाल्याचं सांगत नाही. सव्वा लाखाचे सव्वाशे झाले. अमेरिकन पद्धतीत सव्वा लाखालाही एकच स्वल्पविराम लागतो, दुसरा येतो दहा लाखांपासून. त्यामुळे तिकडच्या उदाहरणांवरून उचललेलं फंक्शन बरेच दिवस खपून जातं. आपल्याकडे ते लाखालाच आपटतं. बाकीच्या प्रोजेक्टांत लाखाची रक्कम आलीच नसणार.

मी पुराव्यासकट दाखवलं. सर “हं” म्हणाले. दुपारी बघते तो ओळ बदललेली, त्यांच्याच नावावर, आणि शेरा काय, तर ‘किरकोळ साफसफाई’. मॅनेजरसाहेबांना ‘तांत्रिक अडचण दूर केली आहे’ असा मेल गेला. ‘नवीन मुलगी’ हे शब्द मात्र कुणी परत घेतले नाहीत.

तर नवशिक्यांनो, सगळे स्वल्पविराम काढायचे तर ‘रिप्लेसऑल’ वापरा. तो २०२१च्या मानकात आला. जुन्या कोडमध्ये त्याऐवजी ‘जी’ खूण लावलेली रेग्युलर एक्स्प्रेशन दिसेल, तीही चालते. पैशांच्या बाबतीत ‘पार्सफ्लोट’ऐवजी ‘नंबर’ घ्या. उरलेला स्वल्पविराम दिसला की तो सरळ ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नाही’, असं उत्तर देतो आणि अख्खी बेरीजच ‘नॅन’ होते. ते दिसायला वाईट, पण निदान दिसतं तरी. फक्त रिकाम्या स्ट्रिंगचं तो शून्य करतो, तेवढं आधी तपासा.

याच धड्यात आणखीही खड्डे आहेत. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग जागच्या जागी बदलत नाही. ‘ट्रिम’ नुसता हाक मारून सोडलात तर नावामागची मोकळी जागा तशीच राहते, उत्तर पुन्हा व्हेरिएबलमध्ये घ्यावं लागतं. आणि ट्रिम फक्त दोन्ही टोकं साफ करतो, नाव-आडनावामधल्या दोन स्पेस त्याच्या खिजगणतीत नाहीत. खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक दाखवायचे असतील तर ‘स्लाइस’ला उणे चार द्या. ‘सबस्ट्रिंग’ला तेच दिलंत तर तो उणे आकडा शून्य धरतो आणि सभासदाचा पूर्ण खाते क्रमांक पडद्यावर येतो. ‘इंडेक्सऑफ’ला शब्द सुरुवातीलाच सापडला तर उत्तर शून्य, सापडला नाही तर उणे एक. ते थेट ‘इफ’मध्ये टाकलंत तर नेमका उलटा निकाल. आहे की नाही एवढंच विचारायचं असेल तर ‘इन्क्लूड्स’ आहे ना.

मराठी नावांबद्दल तर कुठलाच क्लास बोलत नाही. ‘पाटील’ची ‘लेंग्थ’ पाच येते, कारण काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात. रकाना अरुंद म्हणून पहिलेच तीन ठेवलेत तर पाटलांचं ‘पाट’ होतं. ‘कऱ्हाड’चा त्रास याहून मोठा. कुणाच्या कीबोर्डवरून त्यातला ‘ऱ’ स्वतंत्र अक्षर म्हणून येतो, तर कुणाच्या कीबोर्डवरून साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक असा. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण तुलना केली तर उत्तर ‘फॉल्स’. ‘नॉर्मलाइज’ तो जोडक काढत नाही. शोधण्याआधी तो प्रकार स्वतःच एका रूपात बदलून घ्यावा लागतो.

वरिष्ठांचं फंक्शन मिळालं तरी आधी चालवून बघा, आणि काय सापडलं ते तोंडी न सांगता लेखी कळवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तुमच्या चाचणीच्या फाइलमध्ये आजच चार ओळी वाढवा: दहा लाखांच्या वरची एक रक्कम, एक रिकामा रकाना, मागेपुढे स्पेस असलेलं एक नाव आणि कऱ्हाडचा एक सभासद.