मोटारीचे नाक



माणूस अन्नावाचून काही दिवस काढील, पण श्वासावाचून पाच मिनिटेही काढणार नाही. मोटारीचेही तसेच आहे. पेट्रोल किंवा डिझेल हे तिचे अन्न. हवा हा तिचा श्वास. अन्नाला पैसे पडतात, म्हणून त्याकडे आपले लक्ष असते. हवा फुकट मिळते, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही.

हल्ली पुष्कळ तरुण घरच्या घरी मोटारीच्या या नाकात फेरफार करतात. कोणी हवेच्या डब्याला भोके पाडतो. कोणी चाळणीच काढून टाकतो. "गाडीचा पिकअप वाढतो," असे सांगतात. यात खरे किती, खोटे किती, आणि करायचेच झाले तर काय करावे, हे आज आपण पाहू.

गाडी हवा किती खाते?

एक लिटर पेट्रोल पुरते जळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. म्हणजे २०० लिटरची ४५ पिंपे भरतील एवढी हवा! डिझेलला तर याहून जास्त लागते. ही सगळी हवा एका नळीतून आत शिरते. वाटेत एक डबा असतो. डब्यात कागदाची चाळणी असते. तिला एअर फिल्टर म्हणतात. चाळणीतून गाळलेली हवा इंजिनात जाते.

थंड हवा, गरम हवा

हवा तापली की फुगते, विरळ होते. बाहेरची हवा ३० अंश आणि बॉनेटखालची ६० अंश असेल, तर तेवढ्याच जागेत शंभरात नऊ भाग हवा कमी मावते. हवा कमी, तर जळण कमी. जळण कमी, तर जोर कमी. म्हणून इंजिनाला बाहेरची थंड हवा द्यावी, हा विचार काही चुकीचा नाही. काही जुन्या मोटारींच्या डब्यावर उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन खुणाच असत.

पण डब्याला भोके पाडली, तर काय होते? इंजिन बॉनेटखालचीच तापलेली हवा ओढू लागते. आवाज मोठा होतो. आवाज वाढला म्हणजे जोर वाढला, असे वाटते. वाजणारे भांडे भरलेले असते असे थोडेच आहे!

चाळणी कशासाठी?

मळणीच्या वेळी आपण नाकाला फडके बांधतो. फडक्याने श्वास थोडा जड होतो, पण धूळ छातीत जात नाही. चाळणीचे काम हेच. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते लोखंडालाही घासतात. इंजिनात शिरून ते तेलात मिसळले की पॉलिश पेपरसारखे काम करतात. पिस्टनच्या रिंगा झिजतात. मग इंजिन तेल पिऊ लागते आणि निळा धूर ओकते.

आमच्या भागात एक वडापची जीप होती. कर्ज काढून घेतलेली. चालकाने चाळणी काढून टाकली. आवाज भारदस्त झाला, म्हणून तो खूश होता. उन्हाळाभर गाडी कच्च्या रस्त्याने धावली. पावसाळ्याच्या तोंडाला निळा धूर सुरू झाला. इंजिन उतरवावे लागले. महिनाभर गाडी गॅरेजात पडली, कर्जाचा हप्ता मात्र एक दिवसही थांबला नाही. घरातले दागिने मोडून तो भरावा लागला. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तो असा.

म्हणून एक नियम पक्का लक्षात ठेवा. चाळणीच्या अलीकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला, विचारपूर्वक बदल करता येतो. चाळणीला आणि तिच्या पलीकडे इंजिनापर्यंत हात लावू नये. पुष्कळ नव्या गाड्यांत तेथे हवा मोजणारे नाजूक यंत्र बसवलेले असते.

फेरफार करायचा तर असा करा

१. इंजिन बंद करून थंड होऊ द्या. डब्याचे तोंड कोठे आहे ते पाहा. ते बाहेरची हवा घेत असेल, तर काहीच करू नका. बहुतेक नव्या गाड्यांत कारखान्यानेच ही सोय केलेली असते.

२. तोंड बॉनेटखालीच उघडत असेल, तर त्याला रबरी होज जोडून पुढच्या जाळीजवळ न्या. होज आत तारेचे वेटोळे असलेली घ्या, म्हणजे ती ओढीने चपटी होणार नाही.

३. होज तोंडाएवढी किंवा थोडी मोठी असावी. अरुंद होज लावणे म्हणजे नाक चिमटून माणसाला पळायला लावणे.

४. होज आखूड आणि कमी वळणांची ठेवा. पंखा, पट्टा आणि धुराचा तापलेला पाइप यांपासून ती दूर बांधा. दोन्ही टोकांना क्लिपा आवळा.

५. बाहेरचे तोंड उंच ठेवा. पाने आत जाऊ नयेत म्हणून त्याला जाळी लावा.

६. इंजिन सावकाश चालू ठेवून तोंडावर क्षणभर सपाट फळी धरा. हात धरू नका. इंजिन गुदमरले, तर सांधे घट्ट आहेत. तसेच चालत राहिले, तर हवा दुसरीकडून शिरत आहे.

एवढे करूनही लाभ थोडाच होतो, हे आम्ही स्पष्ट सांगतो. चाळणी वेळेवर बदलणे हाच खरा मोठा लाभ. कागदाची चाळणी पाण्याने धुऊ नये. धूळ झटकावी, किंवा आतून बाहेर हलकी हवा मारावी.

पाण्याचे भय

बंपरजवळ हवा सर्वांत थंड मिळते, म्हणून काही जण नळी तेथे खाली नेतात. हे फार धोक्याचे आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. नळीतून पाणी आत शिरले की पिस्टनला वर जाता येत नाही. मग लोखंडाचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्तोरस्ती मोटारी पाण्यात बंद पडल्या. अशी गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा चावी फिरवू नका. आधी माणसे बाहेर काढा. मग गाडी ढकलून वर आणा. चाळणी ओली आहे का पाहा. ओली असेल, तर मिस्त्रीने इंजिनातले पाणी काढल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदातील तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

करून पाहा

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबा. तो थोडा आत जाईल. आता पिचकारी पाण्याने काठोकाठ भरा, तोंड बंद करा आणि दाबा. दांडा हलत नाही. इंजिनात पाणी शिरले की असेच होते.

प्रश्न

१. एक लिटर पेट्रोल जळायला किती हवा लागते?
२. गरम हवेने इंजिनाचा जोर का घटतो?
३. चाळणीच्या पलीकडे हात का लावू नये?
४. गाडी पाण्यात बंद पडली, तर तुम्ही काय कराल? चार ओळी लिहा.
५. तुमच्या गावातील एखाद्या चालकाला हा धडा वाचून दाखवा. तो काय म्हणाला, ते वहीत लिहा.