आधी ऑक्टोपस, मग बश्या

चि. मुक्ता,

तुझ्या मोझॅकचं रेखाटन मिळालं. ऑक्टोपसच्या अंगावर गुलाबाच्या नक्षीच्या फुटक्या बश्या, भुजांवर मणी नि शिंपले, कोपऱ्यात चिनी मातीची बाहुली. साहित्य सुरेख जमवलं आहेस. पण बशी फोडण्याआधी ऑक्टोपस पक्का कर. दहा फुटांवरून तो जिवंत दिसायला हवा; गुलाब जवळ गेल्यावर कळला तरी चालेल. पॉम्पेईतलं सागरी मोझॅक आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, त्याची छायाचित्रं निरखून बघ. काळ्या पार्श्वभूमीवर ऑक्टोपस नि शेवंड झुंजताहेत, आणि इवले तुकडे शरीराच्या वळणानं ओळी धरून धावतात. त्या ओळींमुळेच त्यांच्या अंगात पीळ दिसतो. तुझ्या बश्यांचे तुकडेही भुजेच्या वळणानं लाव, आणि आधी नक्षीऐवजी उजळ-गडद पाहून त्यांचे ढीग कर.

तू म्हणशील, जुन्या भडक शोभेच्या वस्तूंची गंमतच रेलचेलीत आहे, शिस्त लावली की ती मेली. आक्षेप खरा आहे, म्हणूनच लॉस एंजेलिसचे वॉट्स टॉवर्स आठवतात. सायमन रोडिया या मजुरानं १९२१ ते १९५४ एकट्यानं ते उभारले, आणि शिंपले, बाटल्यांच्या काचा, फुटकी भांडी, फरशांचे तुकडे असं हाती येईल ते त्यांत जडवलं. याहून मोठी रेलचेल कुठे शोधायची? तरी १९५९ साली मनोरे धोकादायक ठरवून पाडायचं घाटत असताना ते क्रेननं ओढून पाहिले गेले, तेव्हा ते ढळले नाहीत. आत पोलादाचा सांगाडा होता. वरच्या उधळपट्टीला ती मुभा सांगाड्यानं दिली, आणि तुझ्या मोझॅकमध्ये हे काम ऑक्टोपसच्या रेषेला करायचं आहे.

बशीला बाक असतो, म्हणून तुकडे लहान कर, नाहीतर कडा वर राहून बोटं कापतील. शिंपल्याची पोकळी मसाल्यानं भरून मगच बसव; पोकळ राहिला तर दाबाखाली फुटतो. खडबडीत शिंपल्यांवर फटी भरायच्या ग्राउटआधी सीलर लाव, एकदा खाचांत शिरलेलं ग्राउट निघत नाही. ग्राउट गडद करडं घे, पांढऱ्यात फिक्या बश्या विरून जातात. बाजारातले मोठे शोभेचे शंख मात्र घेऊ नकोस: त्यांतल्या काही जातींना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि समुद्राचं कौतुक करायला समुद्र ओरबाडणं मला पटत नाही. जेवणानंतर उरलेल्या तिसऱ्या नि कालवांच्या शिंपा उकळून, घासून घे. बाहुलीचं इतक्यात ठरवू नकोस. ऑक्टोपस पुरा झाल्यावर जागा मागितलीच तर बघू.

तुझी,
मावशी