ताटातले अन्न, रक्तातले सत्त्व

प्रस्तावना

‘आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. आड म्हणजे विहीर. विहिरीतच पाणी नसेल, तर दोरीला बांधून सोडलेला पोहरा रिकामाच वर येणार. शरीराचेही तसेच आहे. जे सत्त्व ताटात नाही, ते रक्तात येणार कोठून? आज हे आपल्याला सहज पटते. परंतु एका गंभीर रोगाच्या बाबतीत ते सिद्ध करण्यासाठी एका संशोधक स्त्रीला अनेक वर्षे कष्ट घ्यावे लागले. हे संशोधन मुंबईत सुरू झाले. त्याची ओळख या पाठात करून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला
• आहार आणि रक्तातील पोषकद्रव्ये यांचा संबंध स्पष्ट करता येईल;
• संशोधनाच्या पायऱ्या क्रमाने सांगता येतील;
• स्वतःच्या आहाराचा विचार डोळसपणे करता येईल.

मूळ पाठ

१. मुंबईतील कोडे

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई ही कापडगिरण्यांची नगरी होती. गिरण्यांत पुरुषांबरोबर स्त्रियाही मोठ्या संख्येने राबत. यांतील कित्येक स्त्रियांना गरोदरपणात तीव्र रक्तक्षय होई. चेहरा पांढराफटक पडे, चार पावले चालताच दम लागे, अन्नावरची वासना उडे. काही जणींचा त्यातच अंत होई आणि घर आईविना पोरके होई.

या स्त्रियांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येई. तांबड्या पेशींची संख्या घटलेली असे. पण उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात पेशी लहान होतात. तेव्हा हा रोग निराळा होता. मग त्याचे कारण काय?

त्या काळी डॉ. मार्गारेट बाल्फर या भारतातील मातामृत्यूंचा अभ्यास करीत होत्या. त्यांनी इंग्लंडमधील डॉ. ल्यूसी विल्स यांना या कामासाठी बोलावले. १८८८ मध्ये जन्मलेल्या विल्स यांनी केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र यांचे शिक्षण घेतले होते आणि नंतर लंडन येथे वैद्यकाची पदवी मिळवली होती. १९२८ मध्ये त्या मुंबईच्या हाफकिन संस्थेत दाखल झाल्या.

२. कारणाचा शोध

हा रोग जंतूंमुळे होत असावा, अशी शंका प्रथम घेण्यात आली. रुग्णांच्या तपासण्या झाल्या; पण तसा पुरावा मिळाला नाही. तेव्हा विल्स यांनी प्रयोगशाळेबाहेर लक्ष वळवले. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीमानाची पाहणी केली. ही पाहणी १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. हा रोग गरीब स्त्रियांत अधिक होता. त्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे आणि प्रथिने यांची वाण होती.

आहार निकृष्ट आहे, एवढ्यावरून तोच रोगाचे कारण ठरत नाही. म्हणून विल्स यांनी या स्त्रियांच्या जेवणासारखे अन्न प्रयोगशाळेतील उंदरांना दिले. गाभण उंदरांना रक्तक्षय झाला आणि अन्नात यीस्ट मिसळल्यावर तो टळला. मात्र उंदरांच्या रक्तक्षयात उवांवाटे पसरणाऱ्या एका जंतूचाही हात असल्याचे पुढे आढळले. त्यामुळे हा पुरावा पुरेसा ठरला नाही. मग माकडांवर प्रयोग झाले आणि त्यांत यीस्टच्या अर्काचा गुण दिसून आला.

हा अर्क ‘मार्माइट’ या नावाने बाजारात मिळत असे. काळसर रंगाचा, खारट चवीचा हा पदार्थ इंग्लंडमधील लोक पावाला लावून खात. तो स्वस्तही होता. विल्स यांनी तो रुग्ण स्त्रियांना दिला. काही दिवसांतच त्यांची भूक परतू लागली आणि रक्तातील तांबड्या पेशी वाढू लागल्या. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात त्यांनी हे निष्कर्ष मांडले. गिरणी कामगार स्त्रीला परवडेल असा उपचार आता हाती आला होता.

३. नाव नसलेले सत्त्व

यीस्टमधील नेमके कोणते द्रव्य गुणकारी आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते. यकृताचा साधा अर्कही या रुग्णांना उपयोगी पडे. परंतु दुसऱ्या एका प्रकारच्या रक्तक्षयावर चालणारा, अतिशय शुद्ध केलेला यकृताचा अर्क येथे निष्फळ ठरे. त्यावरून हे द्रव्य वेगळे आहे, असा निष्कर्ष विल्स यांनी काढला. शास्त्रज्ञ त्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले.

१९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे ४ टन पालकातून एक द्रव्य वेगळे केले. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरून त्याला ‘फॉलिक आम्ल’ हे नाव मिळाले. १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या संशोधक गटाचे मार्गदर्शक होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईत सुरू झालेल्या या शोधाला एका भारतीयाचाच असा हातभार लागला.

४. रक्त आधी सांगते

शरीरात नवनव्या पेशी सतत तयार होत असतात. त्यासाठी फॉलिक आम्ल लागते. ते अपुरे पडले, की पेशी वाढतात. पण त्यांचे विभाजन नीट होत नाही. म्हणून त्या संख्येने थोड्या आणि आकाराने मोठ्या राहतात. गरोदरपणी बाळाची वाढ वेगाने होत असल्याने ही गरज अधिक असते.

हे सत्त्व आहारातून गेले, तर रोग किती दिवसांत होतो? अमेरिकेतील डॉ. व्हिक्टर हर्बर्ट यांनी याचे उत्तर स्वतःवर प्रयोग करून शोधले. त्यांनी आपले अन्न तीनदा उकळून दर वेळी पाणी फेकून दिले आणि असे सत्त्वहीन जेवण कित्येक महिने घेतले. सुमारे तीन आठवड्यांतच त्यांच्या रक्तातील फॉलिक आम्लाची पातळी खाली आली. रक्तक्षय मात्र सुमारे साडेचार महिन्यांनी प्रकट झाला. हा अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला.

यातून दोन गोष्टी समजतात. रोग डोळ्यांना दिसतो, त्याच्या कितीतरी आधी रक्त त्याची सूचना देते. तसेच भाजी वाजवीपेक्षा जास्त शिजवून तिचे पाणी ओतून दिले, तर सत्त्वही त्याबरोबर वाहून जाते.

५. आपले ताट

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. लोहाची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण असले, तरी फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची उणीवही त्याला हातभार लावते. म्हणूनच गरोदर स्त्रियांना सरकारी आरोग्य केंद्रांतून लोह व फॉलिक आम्ल यांच्या गोळ्या दिल्या जातात. रोज एक याप्रमाणे त्या किमान १८० दिवस घ्यावयाच्या असतात. ‘मला काही होत नाही’ म्हणून या गोळ्या फडताळात ठेवून देणे योग्य नव्हे. काही होण्यापूर्वीच त्या घ्यावयाच्या असतात.

पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या, हरभरा, मूग, चवळी यांसारखी कडधान्ये आणि शेंगदाणे यांतून फॉलिक आम्ल मिळते. यांतले काही ना काही रोजच्या जेवणात असावे. घरातील सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाण्याची सवय अनेक स्त्रियांना असते. भाजीचे भांडे रिकामे झालेले असते, डाळ तळाशी गेलेली असते. ज्या स्त्रीला सत्त्वाची गरज सर्वांत अधिक, तिच्याच ताटात ते सर्वांत कमी पडते. हा क्रम बदलणे घरातील प्रत्येकाच्या हाती आहे.

ल्यूसी विल्स १९६४ मध्ये निवर्तल्या. रुग्ण स्त्री काय खाते, हे विचारण्यापासून त्यांना उत्तराची वाट सापडली. तो प्रश्न प्रत्येक घरात आजही विचारला गेला पाहिजे.

शब्दार्थ

रक्तक्षय – रक्तातील तांबड्या पेशी किंवा रक्तद्रव्य कमी होणे
वासना उडणे – खाण्याची इच्छा न राहणे
वाण असणे – उणीव असणे
निकृष्ट – हलक्या प्रतीचे
फडताळ – भिंतीतील कपाट

स्वाध्याय

१. मुंबईतील रुग्णांचा रक्तक्षय निराळा आहे, हे कशावरून समजले?
२. उंदरांवरील प्रयोग पुरेसा का ठरला नाही?
३. ‘रोग दिसण्याआधी रक्त सूचना देते’ हे विधान हर्बर्ट यांच्या प्रयोगाच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुमच्या घरात कोण केव्हा जेवते आणि कोणाच्या वाट्याला काय येते, याची तीन दिवस नोंद करा व तिच्या आधारे आठ-दहा ओळी लिहा.