कर्जवसुली आणि पत

मराठीत ‘पत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. माणसाची समाजातील विश्वासार्हता हा एक आणि त्या विश्वासावर उधार मिळण्याची पात्रता हा दुसरा. पतपेढी, पतसंस्था, पतपुरवठा हे शब्द दुसऱ्या अर्थातून घडले. ‘त्याची पत गेली’ असे म्हणताना मात्र दोन्ही अर्थ एकदमच ध्वनित होतात. कर्ज थकलेल्या माणसाची खरी कोंडी येथेच होते. देणे हा पैशाचा व्यवहार असतो, पण त्याला तो अब्रूचा प्रश्न वाटतो. आणि वसुलीसाठी दारात उभा राहिलेल्या माणसाला त्याची ही भीती पुरेपूर ठाऊक असते.

कागद कोणाच्या हाती?

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुढे अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पसरले. इतिहासात हा उठाव ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखला जातो. त्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकाराच्या कागदपत्रांवर होता. कर्जरोखे आणि वह्या हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला, त्यावर काय लिहिले आहे हे अनेकांना वाचता येत नव्हते. मुद्दल किती, व्याज किती, भरलेल्या रकमेची नोंद झाली की नाही, हे सर्व एकट्या सावकाराच्या वहीत होते.

या उठावानंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्यावरील आकडा डोळे झाकून मान्य न करता मूळ व्यवहाराची चौकशी करण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. भरलेल्या पैशाची पावती आणि खात्याचा लेखी हिशेब मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. कागद जाळून जे साधले नाही, ते कागद मागून काही अंशी साधले.

आजचा कर्जदार त्या शेतकऱ्यापेक्षा एका बाबतीत निश्चित सुदैवी आहे. त्याच्याविषयी काय लिहिले आहे ते त्याला पाहता येते, आणि चुकीचे असल्यास बदलून घेता येते.

वसुलीच्या मर्यादा

कर्जाचा हप्ता किंवा व्याज 90 दिवसांहून अधिक काळ थकले, की बँक ते कर्ज ‘अनुत्पादक’ ठरवते. (पीककर्जासाठी ही मुदत हंगामावर मोजतात.) त्याआधीच दूरध्वनी सुरू झालेले असतात. पुढे अनेकदा हे काम वसुली प्रतिनिधींकडे सोपवले जाते. प्रतिनिधी बँकेचा असो वा बाहेरच्या संस्थेचा, त्याच्या वर्तनाची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेवरच राहते. गुंडांच्या बळावर नव्हे, तर कायद्याच्या मार्गानेच वसुली झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये स्पष्ट केले. रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या सूचनेनुसार सकाळी 8 च्या आधी आणि सायंकाळी 7 नंतर वसुलीसाठी दूरध्वनी करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना वा मित्रांना त्रास देणे, हे सर्व निषिद्ध आहे. सूक्ष्मवित्त कर्जांसाठी, म्हणजे बचतगटांतील स्त्रियांना ज्या कर्जांची विशेष ओळख आहे त्यांच्यासाठी, ही वेळ सकाळी 9 ते सायंकाळी 6 अशी आणखी आखूड आहे. वसुलीची जागाही दोघांच्या संमतीने ठरवायची असते.

प्रतिनिधी दारात आला तर त्याचे ओळखपत्र आणि संस्थेचे अधिकारपत्र पाहण्यास मागावे. ते दाखवण्यास जो नकार देतो, त्याच्याशी पैशांविषयी बोलण्याचे कारण नाही.

‘उद्या पोलीस येतील’ ही धमकी सर्रास दिली जाते. केवळ कर्ज फेडता न येणे हा गुन्हा नाही. ते दिवाणी स्वरूपाचे देणे आहे. मात्र दिलेला धनादेश शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तर परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 138 खाली खटला होऊ शकतो. खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची सूचना अशा रीतीने परत गेली, तरीही तसाच धोका असतो. अशा वेळी आलेली नोटीस टाळू नये. ती मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम भरल्यास खटला उभा राहत नाही.

घरातील सामान उचलून नेण्याची भीतीही अशीच वाढवून सांगितली जाते. न्यायालयाचा हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, स्त्रीने धर्माच्या रूढीनुसार अंगावरून न उतरवण्याचे दागिने, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे यांवर जप्ती आणता येत नाही. मंगळसूत्र मागणाऱ्या वसुलीदाराला हे कलम ठाऊक नसते असे नाही. ते कर्जदाराला ठाऊक नसेल, एवढाच त्याचा भरवसा असतो. तारण ठेवलेल्या वस्तूंची गोष्ट अर्थातच वेगळी. घर तारण असेल तर बँक 2002 च्या कायद्याप्रमाणे 60 दिवसांची लेखी नोटीस देऊन ते ताब्यात घेण्याची कारवाई सुरू करू शकते.

वाटाघाट

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण कर्ज घेण्यापूर्वी उपयोगी पडते. कर्ज थकल्यावर ती ऐकवणारे पुष्कळ भेटतात. त्याचा उपयोग काही होत नाही. तेव्हा हवा असतो हिशेब.

समजा, इंदूरमध्ये शिवणकाम करणाऱ्या एका मराठी बाईंनी बँकेकडून कर्ज घेतले आहे. दरमहा हप्ता 4,200 रुपये. आजारपणामुळे काम बंद पडले आणि चार हप्ते, म्हणजे 16,800 रुपये थकले. आता काम पुन्हा सुरू झाले असून मासिक उत्पन्न 14,000 आहे. भाडे, किराणा, औषधे आणि मुलांची फी मिळून 11,500 खर्च होतात. उरतात 2,500. वसुली प्रतिनिधी म्हणतो, ‘आजच्या आज दहा हजार भरा.’

येथे दोन मोह होतात. शेजारच्या सावकाराकडून दहा हजार शेकडा पाच दराने उचलावेत, हा पहिला. दरमहा 500 रुपये, म्हणजे वर्षाला 60 टक्के व्याज. एक देणे झाकण्यासाठी दुसरे त्याहून जड देणे. प्रतिनिधीला वाटेला लावण्यासाठी ‘पुढच्या महिन्यापासून पूर्ण हप्ता भरते’ असे सांगून मोकळे व्हावे, हा दुसरा. हा अधिक घातक, कारण दुसऱ्याच महिन्यात शब्द मोडतो आणि पुढच्या बोलण्याला किंमत राहत नाही. बाईंनी द्यावयाचा प्रस्ताव 2,500 रुपयांचाच असला पाहिजे. आणि तो प्रतिनिधीपुढे न ठेवता शाखेत, लेखी ठेवला पाहिजे. त्याआधी खात्याचा उतारा मागावा. त्यात मुद्दल, व्याज आणि दंड वेगवेगळे दाखवलेले असावेत. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या सूचनांनुसार दंडाची रक्कम व्याजदरात मिसळता येत नाही, आणि दंडावर पुन्हा व्याजही आकारता येत नाही.

अर्जाचा नमुना असा असू शकेल :

मा. शाखा व्यवस्थापक यांस,
विषय : कर्जाचा हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळण्याबाबत.
महोदय,
माझ्या उपरोक्त कर्जखात्याचे चार हप्ते आजारपणामुळे थकले आहेत. रुग्णालयाची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. कर्ज फेडण्याचा माझा इरादा कायम आहे. सध्याच्या उत्पन्नातून मी दरमहा 2,500 रुपये नियमितपणे भरू शकते. तरी कर्जाची मुदत वाढवून त्याप्रमाणे हप्ता ठरवून द्यावा आणि दंडाची रक्कम माफ करावी, ही विनंती. निर्णय लेखी कळवावा.
आपली विश्वासू,

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. मुदत वाढवून दिल्याची नोंदही पतनोंदीत होते, हे खरे; पण महिनोन्महिने वाढत जाणाऱ्या थकबाकीपेक्षा ती पुष्कळ सौम्य असते.

कधीकधी बँक स्वतःहून तडजोड सुचवते. 60,000 येणे असताना 40,000 भरा, उरलेले सोडून देऊ, असे सांगितले जाते. ऐकायला हे गोड लागते. परंतु असे खाते नोंदीत ‘पूर्ण फेड होऊन बंद’ असे न दिसता ‘तडजोडीने मिटवले’ असे दिसते, आणि पुढे कर्ज देणारा त्याचा अर्थ ‘याने पूर्ण पैसे दिले नाहीत’ असा घेतो. दुसरा उपाय उरलाच नसेल तर तडजोड जरूर करावी. मात्र अटींचे पत्र हाती आल्याशिवाय पैसे भरू नयेत. रक्कम कर्जखात्यातच भरावी; प्रतिनिधीच्या व्यक्तिगत खात्यात कधीही नाही. शेवटी ‘काही येणे बाकी नाही’ असा दाखला घ्यावा. घराची मूळ कागदपत्रे तारण असतील, तर कर्ज पूर्ण मिटल्यापासून 30 दिवसांत ती परत मिळाली पाहिजेत. संस्थेच्या दोषामुळे उशीर झाल्यास दर दिवसाला 5,000 रुपये भरपाईची तरतूद आहे.

पतनोंद

भारतात चार पतमाहिती कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यांचे काम 2005 च्या कायद्यानुसार चालते. सिबिल यांतील सर्वांत जुनी, म्हणून लोक ‘सिबिल खराब झाले’ असे म्हणू लागले. कंपनीचे नाव वस्तूलाच चिकटले. बँका आपल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना देतात. 1 जानेवारी 2025 पासून ती किमान पंधरवड्यातून एकदा देणे बंधनकारक झाले. त्या माहितीवरून 300 ते 900 या दरम्यान एक अंक काढला जातो. अंक मोठा तितकी पत चांगली.

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवल्याने अंक कमी होत नाही. अहवाल वाचताना आकड्याइतकेच खात्यांकडेही पाहावे. फेडलेले कर्ज अजून चालू दिसते का? नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या माथी आले आहे का? कधीतरी मेहुण्यासाठी दिलेली जामीनकी तेथे दिसेल, आणि त्याचे थकलेले हप्तेही दिसतील. जामीनदाराची जबाबदारी कायद्याने कर्जदाराइतकीच असते. चूक आढळल्यास कंपनीकडे अथवा बँकेकडे लेखी तक्रार करावी. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद 26 एप्रिल 2024 पासून लागू झाली आहे.

खरी असलेली प्रतिकूल नोंद मात्र पैसे देऊन पुसता येत नाही. ‘सिबिल साफ करून देतो’ अशी जाहिरात करणारा माणूस संकटात सापडलेल्याकडून आणखी काही हजार काढतो, इतकेच. नियमित फेड आणि काळ यांनीच ती नोंद मागे पडते.

दाद कोठे मागावी?

छळ होत असेल तर तारीख, वेळ, दूरध्वनी क्रमांक आणि बोललेले शब्द टिपून ठेवावेत व प्रथम संस्थेकडेच लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. 14448 या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. मारहाण वा धमकी असेल तर थांबू नये, पोलीस ठाणे गाठावे. सहकारी पतसंस्था लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी सहकार निबंधकांचे कार्यालय आहे. महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी 2014 च्या कायद्याने गुन्हा असून तिची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. प्रकरण न्यायालयात गेलेच, तर लोकअदालतीत समेट होऊ शकतो. तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी हप्त्याचा आकडा आपल्याला खरोखर झेपतो का, हे पुन्हा एकदा मोजून पाहावे.

स्वाध्याय

1. ‘पत’ या शब्दाचे दोन अर्थ सांगून प्रत्येकी एक वाक्य तयार करा.
2. 1875 च्या उठावात शेतकऱ्यांनी कर्जरोखे का जाळले असावेत? सात-आठ ओळींत लिहा.
3. पाठातील बाईंचे उत्पन्न 13,000 रुपयांवर आले आणि खर्च तेवढाच राहिला, तर त्यांनी कोणता प्रस्ताव द्यावा? त्यानुसार अर्ज पुन्हा लिहा.
4. रात्री 9 वाजता आलेल्या वसुलीच्या दूरध्वनीबद्दल बँकेकडे तक्रारीचे पत्र लिहा.