हाक मारायला शीक

चि. सोनू यास,


तुझा निरोप सावकाश, नीट वाचला. पहिलं सत्र संपलं तरी होस्टेलवर जिवाभावाचं कुणी नाही, मेसमध्ये एकटाच जेवतोस, आणि परवा रस्त्यात एक मुलगा स्कूटरवरून घसरून पडला तेव्हा घोळक्यात तूही नुसता उभा राहिलास. शेवटी एका रिक्षावाल्याने त्याला उचलून नेलं. हे सगळं लिहून तू शेवटी म्हणतोस, ‘आत्या, माझा स्वभावच असा आहे. मी कुणाला आवडण्यासारखा नाही आणि कुणाच्या उपयोगी पडणाराही नाही.’

सोनू, हा निष्कर्ष चुकीचा आहे. मी आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं. त्यातून मला एक गोष्ट पक्की पटली आहे. माणसं जवळ येतात, मदतीला धावतात किंवा आतून खचतात, यात स्वभावाचा वाटा आपण समजतो त्याहून कमी असतो आणि आजूबाजूच्या परिस्थितीचा जास्त. स्वभाव बदलायला वर्षं जातात. परिस्थितीत थोडा फेरफार मात्र उद्या सकाळीही करता येतो.

आधी मैत्रीचं बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एमआयटीने सैन्यातून परतलेल्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत उभी केली. घरं जशी रिकामी होतील तशी मिळायची, शेजार कुणी निवडलेला नव्हता. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिथल्या कुटुंबांना विचारलं, तुमचं येणंजाणं कुणाशी? लगतच्या दारातल्या शेजाऱ्यांपैकी ४१ टक्के जणांचं नाव घेतलं गेलं. त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांपैकी फक्त १० टक्क्यांचं. अंतर म्हणशील तर काही पावलांचं. जिन्याच्या तोंडाशी ज्यांचं घर होतं त्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी झाल्या, कारण येणाराजाणारा त्यांच्या दारावरूनच जायचा. ती माणसं इतरांहून गोड स्वभावाची नव्हती, ती फक्त वाटेवर राहत होती.

याहून साधा प्रयोग १९९२ सालचा, पिट्सबर्ग विद्यापीठातला. साधारण सारख्याच दिसणाऱ्या चार तरुणी एका मोठ्या वर्गात येऊन बसायच्या. कुणाशी बोलायचं नाही, असं ठरलेलं. एक पंधरा तासांना आली, एक दहा, एक पाच, आणि एक आलीच नाही. सत्र संपल्यावर मुलांना चौघींचे फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा वर्गात आली होती ती त्यांना जास्त आवडली. चेहरा सरावाचा झाला की मनाला तो सुरक्षित वाटू लागतो.

आता तुझी दिनचर्या बघ. मेसमध्ये रोज वेगळ्या वेळी जातोस, कानात हेडफोन असतात, खोलीचं दार बंद असतं. तू कुणाला नकोसा झालेला नाहीस, तू कुणाच्या नजरेलाच पडत नाहीस. म्हणून रोज ठरावीक वेळी आणि त्याच टेबलावर जेव. संध्याकाळचा एक तास दार उघडं ठेव. क्रिकेट खेळत नसशील तर गणेशोत्सवाच्या किंवा गॅदरिंगच्या कुठल्याशा कामाला नाव दे; तिथे रोज तीच माणसं भेटतात. आणि धीर धर. विरजण लावलेलं दूध सारखं ढवळून बघितलं तर दही लागत नाही.

एक सावधगिरीही सांगते. सहवासाने प्रेम वाढतं तसं वैरही वाढतं. पहिल्याच भेटीत कुणाशी खटका उडाला असेल, तर रोजच्या दर्शनाने तो मिटत नाही, उलट घट्ट होतो. खोलीतल्या जोडीदाराशी दिव्यावरून किंवा पंख्यावरून वाद असेल तर तो शांतपणे बोलून लवकर मिटव.

‘मी बोललो तरी त्यांना मी कंटाळवाणा वाटतो,’ असंही तू लिहिलंस. हे तुला कुणी सांगितलं? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अनोळखी माणसांना गप्पा मारायला लावून नंतर दोघांनाही वेगवेगळं विचारलं. समोरच्याला आपण किती आवडलो असू, याचा अंदाज लोक सातत्याने कमी लावत होते. पहिल्या वर्षाला होस्टेलवर एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये तर हा गैरसमज कित्येक महिने टिकला. तुझ्या समोर बसलेला मुलगाही बहुधा तुझ्यासारखाच मनात स्वतःचे दोष मोजत बसलेला असतो.

आता त्या अपघाताबद्दल. त्याने तू फार कष्टी झालेला दिसतोस, म्हणून जरा सविस्तर लिहिते. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर चर्चा करायला सांगितली. चर्चेत एकाला फीट आल्याचा आवाज येतो. तो ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी फक्त ३१ टक्के. पण जे उठले नाहीत ते निगरगट्ट नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता, तो मुलगा बरा आहे ना, असं ते विचारत होते. जबाबदारी इतक्या जणांत वाटली गेली होती की कुणाच्याच वाट्याला ती पुरेशी आली नाही. रस्त्यावर आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येक जण बाकीच्यांचे चेहरे बघतो, सगळे स्तब्ध दिसतात, आणि ‘फार काही झालेलं नसेल’ असं सगळ्यांनाच वाटतं.

म्हणून लोक वाईट असतात असं मात्र समजू नकोस. ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं, तेव्हा दहातल्या नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. तुझ्याही घोळक्यातून तो रिक्षावाला पुढे आलाच ना?

पुढच्या वेळी तो पुढे येणारा तू हो. धाडस जमवत बसू नकोस, एक पाऊल पुढे टाक आणि एका माणसाकडे बोट करून हाक मार : ‘अहो निळ्या शर्टवाले दादा, १०८ ला फोन लावा. ताई, तुम्ही गाड्या थांबवा.’ सगळ्यांना मिळून केलेली विनंती हवेत विरते, एकाला केलेली पाळली जाते. आणि पोलिसांच्या लफड्याची भीती मनातून काढून टाक. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्यामुळे कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्याच्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

दुसऱ्याला मदत केली की आपल्यालाही बरं वाटतं, हे आजी सांगायची ते खरंच आहे. व्हँकूव्हरच्या एका प्रयोगात लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले आणि संध्याकाळपर्यंत खर्चायला सांगितले. ज्यांनी ते दुसऱ्यासाठी खर्चले ते स्वतःसाठी खर्चणाऱ्यांपेक्षा आनंदी निघाले, आणि पाच की वीस याने फरक पडला नाही. तेव्हा चहाचे दहा रुपयेही पुरतात.

पण तुझी अडचण मला वेगळीच दिसते. तू मदत करायला कचरतोस त्याहून जास्त ती मागायला कचरतोस. नोट्स मागितल्या नाहीस, ताप आला तेव्हा शेजारच्याला क्रोसिन मागितली नाहीस. आपण दुसऱ्याला भार होऊ, असं तुला वाटतं. उलट घडतं. १९६९ च्या एका प्रयोगात संशोधकाने काही विद्यार्थ्यांना, त्यांनी जिंकलेले पैसे आपल्याला वैयक्तिक अडचण म्हणून परत द्याल का, असं विचारलं. ज्यांनी दिले त्यांना तो संशोधक इतरांपेक्षा जास्त आवडला. ज्याच्यासाठी आपण काही करतो त्याच्याविषयी आपल्या मनात ओलावा येतो. म्हणजे मागणं हीसुद्धा मैत्रीची सुरुवात असू शकते. त्यात लाचारी नाही. समोरच्याला त्याच्या चांगुलपणाची संधी मिळते.

मात्र दोन आठवडे झोप आणि भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर हे मैत्रीच्या युक्त्यांनी निभणारं नाही. कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन कर. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. रात्री-अपरात्री मलाही उठव.

एवढ्यात एकच काम सांगते. या आठवड्यात होस्टेलवरच्या एका मुलाकडे खरोखर गरजेची एक गोष्ट माग. कोणाकडे मागितलीस आणि तो काय म्हणाला, ते मला रविवारी कळव.

तुझी
आत्या