घोडीसाठी जमीन: काळी की मुरमाड?

प्रश्न : सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी घ्यायचा विचार आहे. त्यासाठी देवपूरच्या आसपास एकरभर जमीन पाहतोय. एक तुकडा पांझरेकाठचा, काळ्या मातीचा. दुसरा माळावरचा, मुरमाड. घरच्यांचा कल पहिल्याकडे आहे. कोणता घ्यावा? (एक वाचक, देवपूर, धुळे)

उत्तर : मुरमाड घ्या. कपाशीला चांगली ती जमीन सगळ्यालाच चांगली, असा आपल्या खानदेशातला समज. पण पिकाची गरज वेगळी आणि खुराची वेगळी. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून कपाशी येते. त्याच ओलीत घोडी पावसाळाभर उभी राहिली तर खुराच्या तळाचा मऊ भाग सडतो आणि ती लंगडू लागते. उन्हाळ्यात त्याच रानाला भेगा पडतात. धावत्या घोडीचा पाय अडकला तर हाडच मोडायचे. तबेल्याच्या भिंतीही अशा जमिनीत तडकतात. धुळ्यात पाऊस तो केवढा, असे वाटेल. पण तो चार महिन्यांतच पडतो आणि काळ्या रानात चिखल व्हायला दोन जोरदार सरी पुरतात. मुरमातून पाणी लवकर निथळते. टोकदार दगड तेवढे वेचून काढा.

नदीकाठी पाण्याची सोय होते, हे खरे. पण घोडीला दिवसाला साधारण 25 ते 40 लिटर पाणी लागते, कडक उन्हाळ्यात आणखी. एवढे टाकीतही साठते. उलट ऑगस्ट 2019 चा पांझरेचा पूर आठवा. शिवाय काठच्या वाळूवर चारा टाकला, तर चाऱ्याबरोबर वाळू पोटात जाऊन साठते आणि शूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटाचे दुखणे बघता बघता जिवावर बेतते. म्हणून चारा गव्हाणीतच द्या, आणि भर पावसात, रात्रीसुद्धा पशुवैद्याची गाडी दारापर्यंत येईल असा रस्ता आहे ना, हे आधी पाहा.

शेजारही पाहा. लगत कपाशी असेल तर फवारणीचे औषध वाऱ्याने चाऱ्यावर येते. बांधावर कण्हेर असेल तर ती मुळासकट काढा. तिची मूठभर पानेही घोड्याला मारू शकतात. कुंपणाला काटेरी तार नको.

कागदांचे थोडक्यात: शेतजमीन घ्यायला 1948 च्या कूळकायद्यानुसार सहसा स्वतः शेतकरी असावे लागते, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. सातबारा, फेरफार आणि रस्त्याचा हक्क वकिलाकडून तपासून घ्या.

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते. त्याआधीच्या पावसाळ्यात, मोठ्या सरीच्या दुसऱ्या दिवशी, दोन्ही तुकड्यांवरून पायी फिरून या.