बुगाटीवाले जेआरडी शर्यतीत उतरले होते का?

प्रश्न : आमच्या चाळीतले एक काका ठासून सांगतात, की जेआरडी टाटा तरुणपणी मोटारशर्यती खेळत आणि मरीन ड्राइव्हवर बुगाटी सुसाट पळवल्याबद्दल त्यांच्यावर खटलाही भरला गेला. यात खरे किती? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : काकांचे निम्मे बरोबर आहे. बुगाटी होती आणि खटलाही झाला. घोटाळा आहे तो शर्यतीत आणि जागेत.

फ्रान्समधल्या मोल्सहाइमला बनणारी बुगाटी मुळात शर्यतीच्या घराण्यातली. १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ शर्यत तिनेच मारली. पदरचे पैसे घालून, पगार न घेता शर्यतीत उतरणारे हौशी श्रीमंत तेव्हा युरोपात बरेच होते आणि त्यांना ही गाडी चक्क विकत मिळे. त्यामुळे मुंबईत बुगाटी दिसली, की तिचा मालकही शर्यतबाज असणार, हे लोकांनी परस्पर ठरवून टाकले.

पण शर्यत खेळायची कुठे? इंग्लंडात ब्रुकलँड्सचा बांधीव ट्रॅक १९०७ मध्येच झाला होता; मुंबईत तसे काहीच नव्हते. गिरगाव-परळच्या रस्त्यांवर ट्राम, व्हिक्टोरिया आणि बैलगाड्या. अशा शहरात वेगाची हौस भागवायची म्हणजे पोलिसांशी गाठ ठरलेली. जेआरडींची ती पडली आणि ते नामांकित वकील जॅक विकाजी यांच्याकडे गेले. तिथे वकीलसाहेबांची पुतणी थेल्मा भेटली. १९३० मध्ये दोघांचे लग्न झाले. खटल्याने इतके भले झालेला दुसरा अशील माझ्या तरी माहितीत नाही!

आता जागा. आज दिसतो तो सलग मरीन ड्राइव्ह आणि त्यावरच्या आर्ट डेको इमारती मुख्यतः १९३० नंतरच्या. काकांच्या डोळ्यांसमोरचा रस्ता त्या काळी तसा नव्हताच.

जेआरडींचा खरा ओढा विमानाकडे. बालपणी फ्रान्समध्ये हार्देलोच्या किनाऱ्यावर ब्लेरिओ कुटुंब त्यांच्या शेजारी असे. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे हेच लुई ब्लेरिओ. मोटारींचे दिवे विकून कमावलेला पैसा त्यांनी विमानांत घातला होता. जेआरडींना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला.

ते उतरले ती शर्यतही हवेतलीच. इंग्लंड-भारत अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. मे १९३० मध्ये जेआरडी कराचीहून निघाले. सतरा वर्षांचा अ‍ॅस्पी इंजिनिअर उलट दिशेने येत होता. इजिप्तमध्ये अबूकीरला जेआरडी उतरले, तर अ‍ॅस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडलेला. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून त्याला दिले.

बक्षीस अ‍ॅस्पीने जिंकले. पुढे १९६० मध्ये तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.